शिफ्ट, सुट्टी आणि स्नूकर

सव्वाचारला चाकणहून आलेली कंपनीची बस चिंचवड स्टेशनला थांबते. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर सॅक आणि सॅकमध्ये रिकामा डबा. एकाच्या हातात मात्र चारेक फूट लांबीची काळी पेटी. नवा होता तेव्हा गेटवरच्या सिक्युरिटीनं सलग तीन दिवस ती पेटी उघडायला लावली होती. आत बंदूक नाही, एक काठी आहे, हे पटल्यावर सुटका झाली. आता तेच सिक्युरिटीवाले काका विचारतात, "काय साहेब, काल किती मारले?"

हा माझा शाळेतला मित्र. निगडीला आम्ही एका वर्गात होतो. सध्या चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत क्वालिटीमध्ये. वय वर्षं २८, लग्न व्हायचंय, होम लोन अजून नाही. "नाव छापू नकोस," असं त्यानं आधीच सांगून ठेवलंय. का, ते पुढे येईलच.

बसमधून उतरून तो घरी जात नाही. एका बेकरीवरच्या पहिल्या मजल्यावर जातो. अरुंद जिना, वर काळ्या काचेचं दार, आत तीन स्नूकरची टेबलं आणि कोपऱ्यात एक पूल टेबल. मी पहिल्यांदा एकटी वर गेले तेव्हा आतला खेळ पाच सेकंद थांबला. मार्कर काका लगबगीनं पुढे आले, "कोण पाहिजे ताई?" त्यांना वाटलं, कुणाच्या तरी घरून बोलावणं आलंय!

मार्कर हा प्रत्येक पार्लरचा खरा मालक असतो, भाड्याची पावती कुणाच्याही नावावर फाटू दे. बॉल लावायचे, स्कोअर सांगायचा, कापड ब्रश करायचं, भांडणं मिटवायची आणि कुणाची उधारी किती हे तोंडपाठ ठेवायचं. या मार्कर काकांनी आणखी एक काम अंगावर घेतलंय. काउंटरमागच्या भिंतीवर कार्डशीट लावलाय, वर लाल स्केचपेननं लिहिलंय : रँकिंग. खाली सोळा नावं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्पर्धा होते, मग व्हाइटनर निघतो आणि नावं वरखाली होतात. माझा मित्र सध्या दोन नंबरवर. एक नंबरवर आकुर्डीचा एक कॉलेजकुमार, जो रोज सहा तास खेळतो आणि ज्याची अटेंडन्स हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

त्या कार्डशीटच्या शेजारी पेपरातलं एक पिवळं पडलेलं कात्रण आहे. फोटोत चष्मा नाही, टाय नाही, वेस्टकोट घातलेला एक मुंबईकर टेबलावर वाकलाय. आदित्य मेहता, ऑक्टोबर २०१३.

मुंबईचा मुलगा फायनलला

स्नूकरशी तुमचा संबंध चॅनल बदलता बदलता येत असेल तर आधी रँकिंग स्पर्धा ही काय भानगड आहे ते सांगते. जागतिक व्यावसायिक टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात. या सगळ्यांना ज्या स्पर्धांची दारं उघडी असतात त्या रँकिंग स्पर्धा. तिथे जितके पौंड जिंकाल तितके गुण. दोन वर्षांच्या कमाईची बेरीज म्हणजे तुमचा जागतिक क्रमांक. पहिल्या ६४ मध्ये असाल तर टूरवर राहिलात. नसाल आणि तुमच्या कार्डाची दोन वर्षं संपली असतील तर पुन्हा क्यू स्कूल नावाच्या चाळणीतून जा. निमंत्रितांच्या स्पर्धा वेगळ्या. मास्टर्स ही केवढी मानाची, पण तिथे वरचे सोळाच खेळतात आणि तिथल्या पैशांचे गुण मिळत नाहीत. म्हणजे थोडक्यात, आपल्या अप्रेझलसारखं. फक्त इथे बॉसशी कसं वागलात याला मार्क नाहीत.

या टूरची रँकिंग स्पर्धा भारतात पहिल्यांदा झाली २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, दिल्लीत. इंडियन ओपन. आणि पहिल्याच वर्षी जे घडलं ते एखाद्या सिनेमावाल्यानं लिहिलं असतं तर आपण 'काहीही!' म्हणालो असतो. मुंबईचा आदित्य मेहता मार्क विल्यम्ससारख्या माजी जगज्जेत्याला हरवून पुढे गेला, उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला त्यानं ४-३ असं काढलं आणि रँकिंग स्पर्धेच्या फायनलला पोहोचणारा तो पहिला भारतीय ठरला. फायनलमध्ये चीनच्या डिंग जुनहुईनं त्याला ५-० असं धुतलं, ही गोष्ट आमच्या मार्कर काकांच्या मते "सांगायची गरज नाही". मी सांगितली, सॉरी काका.

मेहता तेव्हा २७ वर्षांचा होता, २८ व्हायला दोन आठवडे बाकी. पुढच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत पॉल हंटर क्लासिकमध्ये त्यानं १४७ चा ब्रेक केला, म्हणजे पंधरा लाल, प्रत्येक लालनंतर काळा आणि मग सगळे रंग, एकही चूक न करता. व्यावसायिक स्पर्धेत असा ब्रेक करणारा तो पहिला भारतीय.

माझ्या मित्राचा या सगळ्याशी संबंध आला तो २०१५ मध्ये. त्या वर्षी इंडियन ओपन मुंबईत आली. १० ते १४ मार्च, सांताक्रूझचं ग्रँड हयात. तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. शनिवारी फायनल. घरी सांगितलं, एक्स्ट्रा लेक्चर आहे. पहाटे सिंहगड पकडली, दादरला उतरला, लोकल बदलली आणि सांताक्रूझहून भर उन्हात चालत हॉटेलपर्यंत गेला, कारण रिक्षाचे पैसे वाचवायचे होते.

"काय पाहिलंस?" मी विचारलं.

"आवाज," तो म्हणाला.

मला कळलं नाही. मग त्यानं समजावलं. आपल्या पार्लरमध्ये पंखा असतो, खालचा हॉर्न असतो, कुणाचा तरी फोन असतो. तिथे शेकडो माणसं बसलेली आणि तरीही बॉल बॉलला लागल्याचा 'टक्' एवढाच आवाज. आणि दुसरी गोष्ट, बॉल थांबतच नव्हता. हळू मारलेला पांढरा या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत येत होता. त्या दिवशी वेल्सच्या मायकेल व्हाइटनं रिकी वॉल्डनला ५-० हरवलं, कारकिर्दीतलं पहिलं रँकिंग विजेतेपद मिळवलं आणि ५० हजार पौंडांचा चेक घेतला. त्या वेळच्या भावानं ४५ लाखांच्या पुढे! व्हाइट तेव्हा २३ वर्षांचा होता. आमचा हिरो रात्री उशिरा घरी पोहोचला आणि वडिलांनी विचारलं, कसलं लेक्चर होतं? तो म्हणाला, "मेट्रॉलॉजी."

५२.५ मिलीमीटर

खोटं बोलला खरा, पण अगदीच खोटं नव्हतं. स्नूकरचा बॉल ५२.५ मिलीमीटर व्यासाचा असतो आणि त्यात फरक चालतो तो ०.०५ मिलीमीटरचा. चाकणच्या माणसाला असला आकडा दिसला की हात शिवशिवतात. नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यात हा पठ्ठ्या पार्लरमध्ये व्हर्नियर घेऊन गेला. लाल बॉल ५२.४ च्या आसपास भरले. पांढरा ५२.१. साहजिक आहे, प्रत्येक शॉटला मार तोच खातो. "आमच्याकडे हा लॉट रिजेक्ट झाला असता," त्यानं जाहीर केलं. मार्कर काकांनी उत्तर दिलं, "मग तिकडेच खेळा."

तर, बॉल न थांबण्याचं कारण. टूरवरच्या टेबलांना खालून हीटर असतात. पाटीचा दगड कोमट राहतो, कापडात दमट हवा मुरत नाही आणि बॉल सळसळत जातो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पार्लरचं कापड पावसाळी सतरंजीसारखं होतं. मार्कर काका रोज सकाळी ते ब्रश करतात, मग इस्त्री फिरवतात, नेहमी एकाच दिशेनं, बॉल्कपासून काळ्या बॉलच्या टोकाकडे. कापडाची लव तशीच बसली पाहिजे. तरीही दुपारपर्यंत पुन्हा जड होतं. या जड कापडावर शिकलेला मुलगा जोर लावून मारायला शिकतो. हीटरच्या टेबलावर गेला की त्याचा पांढरा बॉल पार हाताबाहेर. म्हणजे तुम्ही कितीही सराव करा, तुमचा सराव वेगळ्याच खेळाचा झालेला असतो. माझा मित्र पहिल्यांदा चांगल्या क्लबमधल्या टेबलावर सामना खेळला तेव्हा पहिली फ्रेम संपेपर्यंत त्याचा अंदाज बसला नव्हता. दुसरी फ्रेम बरी झाली. सामना तीनचाच होता.

पुण्याचे दोघे

इथे थोडं विषयांतर, पण मला आवडलेलं. स्नूकर हा साहेबाचा खेळ, पण जन्म आपल्याकडचा. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं तो सुरू केला, अशी त्याची गोष्ट सांगतात. (पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा. मीही गोंधळले होते.) नवशिक्या कॅडेटला तेव्हाच्या लष्करी बोलीत 'स्नूकर' म्हणत, त्यावरून नाव पडलं. नियम लिहून लागले ते उटीच्या क्लबात.

आणि या टेबलावरचे दोन मोठे भारतीय जन्मानं पुण्याचे आहेत. विल्सन जोन्स, जन्म १९२२. १९५८ मध्ये कोलकात्यात त्यांनी हौशी खेळाडूंची जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. स्वतंत्र भारताचे ते पहिले जगज्जेते. क्रिकेटच्या कितीतरी आधी! दुसरा पंकज अडवाणी, जन्म १९८५, मोठा झाला बंगळुरूत. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून त्याची हौशी गटातली जागतिक विजेतेपदं मोजताना बोटं पुरत नाहीत.

अडवाणीचं उदाहरण मात्र मित्राला वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. २०१२ मध्ये तो व्यावसायिक टूरवर गेला. २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. आणि २०१४ मध्ये टूर सोडून परत आला. खेळ जमत नव्हता म्हणून नाही. टूरवर राहायचं तर मुक्काम ब्रिटनमध्ये हवा, कारण बऱ्याच स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या तिथे. अगदी आपल्या इंडियन ओपनच्या सुद्धा! दिल्ली-मुंबईत खेळायचं तर आधी इंग्लंडमधल्या कुठल्यातरी हॉलमध्ये एक सामना जिंकून या.

"म्हणजे रँकिंग कशाचं असतं माहितीय?" मित्र खडू लावता लावता म्हणाला. "तू घरापासून किती आठवडे लांब राहू शकतोस, त्याचं."

माझ्या मते हे वाक्य अर्धं बरोबर आहे. खेळ नसेल तर कितीही आठवडे राहा, काही होत नाही. पण खेळ असलेल्यांमध्ये निवड कशी होते, हे त्यात बरोबर आलंय.

हिशेब

आता आपल्या आवडीचा विषय, पैसे. या पार्लरमध्ये टेबल तासाला २०० रुपये. दुपारी चारच्या आत १२०. 'हरेल तो टेबल भरेल' हा सार्वत्रिक कायदा. राज्य पातळीवर टिकायचं तर रोज चार तास सराव हवा. पूर्ण दरानं महिन्याला २४ हजार झाले. मित्राच्या हातात येतात ३८. त्यामुळे तो फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी दोन तास पूर्ण दरानं खेळतो, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी अकरा ते एक स्वस्तात खेळतो आणि थर्ड शिफ्टच्या आठवड्यात झोपतो. मार्कर काका कधीकधी शेवटचा अर्धा तास लिहायला 'विसरतात'.

टूरवर पोहोचल्यावर तरी आराम? अनेक वर्षं नियम असा होता की पहिल्या फेरीत हरलात तर बहुतेक स्पर्धांत हातात शून्य. विमान, हॉटेल, जेवण तुमचं. २०२२-२३ च्या मोसमापासून टूरनं प्रत्येक खेळाडूला वर्षाला किमान २० हजार पौंडांची हमी दिली. ऐकायला बरं वाटतं, पण शेफिल्डला खोली घेऊन राहणाऱ्याला विचारा. मुंबईचाच इशप्रीत सिंग चढ्ढा त्याच २०२२ मध्ये टूरवर गेला आणि २०२४ च्या इंग्लिश ओपनमध्ये त्यानं थेट सेमीफायनल गाठली. पार्लरमध्ये त्या रात्री मोबाइलवर सामना चालू होता आणि तिन्ही टेबलं रिकामी. मार्कर काकांनी भाडं बुडाल्याची तक्रार केली नाही.

मधला एक रस्ता आहे. ओएनजीसीसारख्या पेट्रोलियम कंपन्या चांगल्या खेळाडूंना नोकरी देतात, अडवाणीही तिथलाच. पगार चालू, खेळ चालू. पण तिथवर जायला राष्ट्रीय पातळीवर नाव लागतं, राष्ट्रीयला जायला राज्य निवड स्पर्धेत पुढे यावं लागतं आणि राज्य निवड स्पर्धेला जायला... रजा लागते.

आणि ती घरच्या अंगणातली रँकिंग स्पर्धा? मुंबईनंतर २०१६ ला हैदराबाद, २०१७ ला विशाखापट्टणम, २०१९ ला कोची. कोचीत इंग्लंडचा मॅथ्यू सेल्ट जिंकला. त्यानंतर इंडियन ओपन झालेली नाही. पाच वेळा आली, पाच वेगळ्या शहरांत, कुठे रुजायच्या आत पुढे गेली. तिकडे चीनमध्ये डिंगनं २००५ मध्ये बीजिंगला चायना ओपन जिंकली, त्याला बघून पोरं टेबलाकडे धावली आणि २०२५ मध्ये झाओ शिनटाँग चीनचा पहिला जगज्जेता झाला. आपल्याकडे दिल्लीची फायनल बघून किती पोरं धावली असतील? एक तरी मला माहितीय. तो सांताक्रूझपर्यंत धावला.

बुधवार, गुरुवार...

या महिन्यात राज्याची निवड स्पर्धा आहे, मुंबईत. बुधवार ते रविवार. मित्राचा पहिला सामना बुधवारी सकाळी दहाला. आणि शुक्रवारी कंपनीत कस्टमर ऑडिट. क्वालिटीच्या माणसानं ऑडिटला गैरहजर राहणं म्हणजे नवरदेवानं लग्नाला न येणं. त्यात बहिणीच्या लग्नात बऱ्याच रजा संपलेल्या. नाव छापायचं नाही ते यासाठी. पोर्टलवर रजेचं कारण त्यानं लिहिलंय, 'पर्सनल वर्क'.

घरी दुसरीच आघाडी. आईनं त्याचा बायोडेटा करून घेतला. छंद या रकान्यात त्यानं 'स्नूकर' लिहिलं होतं. आईनं ते खोडून 'वाचन' केलं. "अहो काकू, तो शेवटचं काय वाचलाय विचारा," मी म्हटलं. काकू म्हणाल्या, "अगं, मुलीकडच्यांना वाटेल, हा हॉटेलात पत्ते खेळतो." मला हसू आलं, मग वाटलं, जिना चढून वर गेल्यावर पाच सेकंद मलाही तसंच काहीसं वाटलं होतं.

मी गेले त्या दिवशी तो आकुर्डीच्या कॉलेजकुमाराशी खेळत होता. तीनपैकी दोन फ्रेमचा सामना, १-१ अशी बरोबरी. शेवटच्या फ्रेममध्ये मित्र १८ गुणांनी मागे, टेबलावर फक्त रंगीत बॉल. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, मिळून २७. पिवळा गेला, हिरवा गेला. तपकिरी लांबचा होता, त्यानं इतक्या हळू मारला की मला वाटलं पोचणारच नाही. पोचला. निळा सरळ. गुलाबी कुशनला चिकटलेला. इथे कुणीही जोरात मारलं असतं. तो उभा राहिला, एक फेरी मारली, परत वाकला आणि पांढऱ्याला नुसतं सोडलं. गुलाबी कुशनच्या कडेकडेनं सरपटत पॉकेटमध्ये पडला. टक् असा आवाज झाला, आणि मला त्याचं ते सांताक्रूझचं बोलणं आठवलं. पंखा होताच, खाली पीएमपीचा हॉर्नही वाजला, पण कुणी बोललं नाही. वीस गुण झाले होते, दोननं पुढे. उरला काळा, मधल्या पॉकेटला, सोपा.

तो चुकला.

पुढच्या शॉटला कॉलेजकुमारानं काळा घातला, टेबलावर हात मिळवले, "सॉरी दादा." मित्रानं क्यू पुसून पेटीत ठेवला, टेबलाचे पैसे भरले. मार्कर काका म्हणाले, "मोबाइल वाजला होता ना मघाशी? खिशात थरथरतोय हे मला दिसलं."

मोबाइल काढून बघितला. पोर्टलचा मेसेज. रजा मंजूर, बुधवार आणि गुरुवार. शुक्रवार नामंजूर.

खाली बेकरीसमोर आम्ही चहा आणि क्रीमरोल घेतला. मी हिशेब करून पाहिला. बुधवारी दोन सामने, गुरुवारी दोन. चारही जिंकला तर शुक्रवारी क्वार्टर फायनल. म्हणजे हरला तर शुक्रवारी ऑडिटला बरोबर हजर, आणि जिंकला तर गोत्यात.

"मग शुक्रवारचं काय?"

"आधी शुक्रवारपर्यंत पोचू दे," तो म्हणाला. समोरून निगडीची बस येत होती. पेटी काखेत मारून तो पळत सुटला.